बागेत लागलेला पिक्चर

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरलं की सीड्या वर चढतात. मखमलाबादच्या रस्त्याने सकाळी फिरायला जाणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे. कालपरवापर्यंत गोटीसारखा कडक असलेला हिरवा मणी बोटाला मऊ लागतो, त्यातून उजेड आरपार दिसायला लागतो, आणि त्याच सुमाराला साळुंक्या आणि बुलबुल कुठून तरी गोळा होऊन तारांवर येऊन बसतात. मग बागायतदार घरातलं चमकणारं जे असेल ते काढून बागेत टांगतो. हल्ली बहुतेकांनी जाळ्या टाकल्या आहेत. काही जण चंदेरी पट्ट्या बांधतात, त्या वाऱ्यावर फडफडत राहतात. पण मोतीरामच्या बागेत अजून सीड्याच असतात. वारा आला की त्या दोऱ्यावर गर्रकन फिरतात आणि उजेडाचा एक ठिपका पानांवरून, बांधावरून, कधी माझ्या सदऱ्यावरून पळत जातो.

या वर्षीही त्या चढल्या. मी रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभा राहिलो आणि डोळे बारीक करून बघत बसलो. त्यांच्यावरची छपाई कधीच उडाली आहे. उन्हाने आणि औषधाच्या फवाऱ्याने नाव, चेहरे, सगळं पांढरट पडलंय. मला तरी वाचता येतं, कारण तिथे काय छापलं होतं ते मला पाठ आहे. वरच्या बाजूला 'चाखून बघा'. मधल्या भोकाच्या एका अंगाला नायक, दुसऱ्या अंगाला नायिका, दोघंही हसतायत. आणि खाली लाल अक्षरांत, 'थिएटरमध्ये तुफान चाललेला धमाल मराठी चित्रपट'.

तो चालला नव्हता. 

मध्यंतरी कुणीतरी त्या पिक्चरमधला एक प्रसंग मोबाइलवर टाकला. माझ्या सुनेने मला दाखवला. नवरदेवाच्या मामाला फोटोग्राफर पुन्हा पुन्हा हार घालायला लावतो, तो प्रसंग. लोकांना तो फार आवडलेला दिसला. खाली कुणीतरी लिहिलं होतं की हा नाशिकचा विसरलेला हिट. थिएटरात चांगला चालला, पण निर्मात्याला सीडीच्या हक्कांची हाव सुटली आणि त्यात तो बुडाला. त्याखाली आणखी कुणी कुणी होकार भरले होते. सून म्हणाली, "तुमच्याच मित्राचा ना हा?" मी हो म्हटलं आणि चष्मा पुसत बसलो. आता त्याचं असंच राहणार. माझ्या मित्राला हाव होती, असं. त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला जेवण जात नाही म्हटलं की घरचे डॉक्टरकडे नेतात. तसं नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

तो मित्र म्हणजे दिगंबर. आम्ही त्याला दिगू म्हणायचो. दिगूचा भद्रकालीच्या अंगाला स्टुडिओ होता, म्हणजे लग्नाचं शूटिंग करायचा. नाशिकच्या निम्म्या लग्नांतली रडणारी आई आणि निम्म्या लग्नांतली रुसलेली आत्या त्याने टिपली असेल. आणि मी त्याच गावातल्या एका जुन्या थिएटरचा मॅनेजर. ते थिएटर आता नाही, त्या जागी मोबाइलच्या दुकानांचं संकुल उभं आहे. आयुष्यभर त्याने खरी लग्नं बघितली आणि मी पडद्यावरची. दुपारी चहाला भेटलो की तो म्हणायचा, तुझ्याकडची लग्नं तीन तास चालतात, माझ्याकडची मोडायला तेवढाच वेळ लागतो.

मग त्याने पिक्चर काढला. लग्नाचं शूटिंग करणारा एक तरुण आणि द्राक्षाच्या व्यापाऱ्याची मुलगी. ती प्रत्येक लग्नात पाहुणी म्हणून येते आणि हा कॅमेरा नवरीवरून उचलून हिच्यावर नेतो, त्यामुळे सगळ्या नवऱ्या त्याच्यावर चिडतात. एवढीच गोष्ट. पण ती त्याला आतून माहीत होती. गंगापूरकडच्या एका बागेत, ऐन हंगामात त्याने गाणं चित्रित केलं, आणि सगळं युनिट आठवडाभर द्राक्षं खाऊन पोट बिघडवून बसलं. मी एक दिवस गेलो होतो. दिगू शिडीवर चढून ओरडत होता की घड हलवू नका रे, ते ॲक्टिंग करतायत. शालूवहिनी, त्याची बायको, मांडवाखाली बसून सगळ्यांसाठी पोह्यांचं पातेलं सांभाळत होत्या. त्यांच्या पदरावर उन्हाच्या कवडशांची नक्षी पडली होती. त्या मला म्हणाल्या, "भावजी, हे वेडे झालेत. पण वेड लागलं की किती बरे दिसतात बघा."

लहान पिक्चरला थिएटर कधी मिळतं? ज्या वेळी मोठ्यांना नको असतं तेव्हा. म्हणजे परीक्षांच्या दिवसांत. दहावी-बारावीची पोरं घरात कोंडलेली, त्यांच्या आया दाराशी पहाऱ्याला, आणि आमच्या भागात तर त्याच वेळी द्राक्षाची काढणी. सकाळी कात्री घेऊन गेलेली बाई दिवेलागणीला परत येते, तिला पिक्चर कुठला? तरी दिगूने तेच दिवस घेतले, कारण भाडं तेव्हाच परवडत होतं. नाशिकला आमच्याकडे, सिन्नरला आणि मालेगावला, असा तीन गावांत 'चाखून बघा' लागला. 

सिन्नरने तिसऱ्या दिवशीच हात वर केले. मालेगावच्या मॅनेजरला मी फोन केला तेव्हा तो फार अदबीने बोलला. यंत्रमागावरचे कामगार दुपारी येतात, पंख्याखाली झोपतात, पिक्चरबद्दल कुणाची तक्रार नाही, असं म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "भाईसाब, कहानी अच्छी है. लेकिन लडका किसी को मारता नहीं." हे मी दिगूला सांगितलं तेव्हा तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. नंतर कित्येक दिवस काही बिघडलं की तो म्हणायचा, लडका किसी को मारता नहीं.

आमच्याकडे पहिल्या रविवारी बायका आल्या. दिगूने ज्यांची लग्नं टिपली होती त्या आपापल्या नवऱ्यांना घेऊन आल्या होत्या, काहींच्या कडेवर पोरं होती. त्या दिवशी मी बाल्कनीच्या दाराशी उभं राहून हसू ऐकलं. मामाच्या हाराच्या प्रसंगाला सगळं थिएटर असं हसलं की माझा डोअरकीपर पळत बघायला आला. ते हसू खरं होतं, याला मी साक्षीदार आहे. पिक्चर पडला म्हणून ते खोटं ठरत नाही.

सोमवारपासून खुर्च्या दिसायला लागल्या. रडका पिक्चर रिकाम्या थिएटरात चालून जातो, माणूस एकटाही रडतो. विनोदी पिक्चरचे हाल होतात. पडद्यावरचे लोक हसण्यासाठी जागा सोडून थांबतात आणि खाली कुणी नसतं. ते थांबणं मला ऑफिसात बसून ऐकू यायचं. संवाद, मग शांतता, मग पुढचा संवाद. त्या मधल्या शांततेत पंख्याची कुरकुर. मंगळवारी की बुधवारी एक बाई एकटीच जोरात हसली आणि आपणच हसलो हे कळून मध्येच थांबली. ते अर्धवट हसू माझ्या कानातून अजून जात नाही. गेल्या आठवड्यात बागेच्या कडेला उभा असतानाही मला ते ऐकू आलं. वारा पडला, सगळ्या सीड्या एकदम थांबल्या, आणि मला वाटलं, आता ती बाई हसेल.

आता त्या गुरुवारकडे येतो. मी इतकी वर्षं त्याच्या भोवतीने चालतो आहे.

थिएटरात गुरुवार हा निरोपाचा दिवस. शुक्रवारी नवा पिक्चर येतो. गुरुवारी दुपारी पोस्टर लावणारा खळीची बादली घेऊन येतो आणि विचारतो, साहेब, कुठला चालला? आपण म्हणतो, हा चालला. एवढंच. चालला म्हणजे निघाला, उद्या नाही. बाहेरच्या जगात पिक्चर चालला म्हणजे लोकांनी उचलून धरला. आमच्याकडे गुरुवारी मात्र त्या शब्दाचा एकच अर्थ होता. बाहेरच्यांना तो माहीत नसतो हे आम्हाला पक्कं ठाऊक असायचं. आम्ही त्यावर आपसांत विनोदही करायचो.

त्या दिवशी सकाळी मालकांचा मुंबईहून फोन आला होता. एका हिंदी पिक्चरचा वितरक मागे लागला होता. मालकांनी मला सरळ विचारलं की तुमच्या मित्राच्या पिक्चरला अजून एक आठवडा द्यायचा का, तुम्ही म्हणाल तर देऊ. चांगले होते ते. मी म्हणालो, काढा. मित्राची भीड धरतो असं स्टाफमध्ये बोललं जात होतं. ते मालकांच्या कानावर गेलं असेल अशी मला भीती होती. आणि दुसरंही एक होतं, ते आज लिहितो. दिगूने काहीतरी केलं होतं. मी जन्मभर दुसऱ्यांचे पिक्चर लावले आणि उतरवले. 'काढा' म्हणताना मला, अगदी क्षणभर, बरं वाटलं.

दुपारी दिगूचा फोन आला. सीडी काढणाऱ्या कंपनीचा माणूस मुंबईहून येऊन त्याच्या स्टुडिओत बसला होता, हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. तो माणूस कायमचे हक्क मागत होता. दिगूचं म्हणणं असं की पिक्चर पडला असेल तर देतील ते घेऊन मोकळं व्हावं. चालला असेल तर हक्क आपल्याकडे ठेवून सीड्या आपणच काढाव्यात, लग्नाच्या सीड्या काढतोच की आपण. आणि मग त्या उभ्या महाराष्ट्रात घरोघरी जातील. रविवारनंतर तो लग्नांच्या कामात थिएटरकडे फिरकला नव्हता, म्हणून सगळं माझ्या उत्तरावर होतं आणि ते मला माहीत होतं. 

"वसंता," तो म्हणाला, "माणूस समोर बसलाय. एका शब्दात सांग. आपला पिक्चर?"

"चालला रे," मी म्हणालो.

त्या वेळी माझा आवाज पडलेला होता, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. नसेलही. तिकडे त्याने रिसीव्हर तोंडापासून लांब नेला आणि कुणाला तरी म्हणाला, चालला, साहेब, पिक्चर चालला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा माझ्याशी बोलला, संध्याकाळी पेढे घेऊन येतो म्हणाला. त्याच्या आवाजात त्या रविवारचं सगळं हसू होतं. बोलायला मला वेळ होता. अरे तसा नाही, उतरला, एवढे चार शब्द. फोन ठेवल्यावरही वेळ होता, स्टुडिओचा नंबर पाठ होता. खिडकीतून खळीची बादली दिसत होती. मी पोस्टरवाल्याला हाक मारून सांगितलं की जरा उशिरा लाव. संध्याकाळी दिगू पेढे घेऊन आला तेव्हा त्याला जुनंच पोस्टर दिसलं. मी पेढा खाल्ला.

शुक्रवारी त्याने नवं पोस्टर पाहिलं आणि तो माझ्या ऑफिसात आला. तोवर मुंबईचा माणूस परत गेला होता आणि सीड्यांची ऑर्डर देऊन झाली होती. तो चिडला होता, पण माझ्यावर नाही. चालणारा पिक्चर उतरवतात म्हणजे काय, असं विचारत होता. मी म्हणालो, मालकांचा निर्णय. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तू तरी काय करणार. त्या रागातूनच ती लाल अक्षरं सीडीवर आली. तुफान चाललेला. त्याने ते मनापासून छापलं होतं.

पुढचं सांगायला फार काही नाही. दुकानदारांनी सीड्या ठेवून घेतल्या, मग पावसाळ्याच्या तोंडाशी खोक्याने परत पाठवल्या. जे थिएटरात गेले नाहीत ते घरी कशाला बघतील? दिगूच्या बाहेरच्या खोलीत छतापर्यंत खोकी लागली. स्टुडिओ गेला. पाहुणे आले की पुढच्या चार खोक्यांवर चादर टाकून त्यांना बसवायचे. दिगू दुसऱ्याच्या युनिटमध्ये लग्नांना जायला लागला. त्याला कॅमेरा दिला नाही, लाइट धरायला दिला. एका लग्नात मी आहेराच्या रांगेत होतो आणि तो प्रखर दिवा घेऊन माझ्या तोंडासमोर उभा होता. मला समोरचं काही दिसेना. दिव्यामागून त्याचा आवाज आला, "हसा मॅनेजरसाहेब, पिक्चर चाललाय."

त्याच दिवसांत वहिनींनी मला घरी बोलावून घेतलं. दिगू कामाला गेला होता. त्यांनी चहा दिला आणि समोर बसून शांतपणे विचारलं.

"भावजी, त्या गुरुवारी तुम्ही यांना फोनवर काय सांगितलं होतं?"

माझ्या मनात काय काय आलं ते लिहून उपयोग नाही. मी म्हणालो, "सांगितलं होतं की वहिनी. चालला म्हणून." आणि हे म्हणताना मी हात केला. छातीपासून दाराकडे, एसटी सुटते तेव्हा कंडक्टर करतो तसा. शब्द मी तोच वापरला होता. हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच वापरला.

वहिनी त्या हाताकडे बघत राहिल्या. "म्हणजे यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. मी बशीत चहा ओतला.

आजवर मी माझी चूक मोजली ती फोनपाशी. एक शब्द दोन अर्थांचा निघाला, माणूस गप्प राहिला, असं कुणाचंही होईल, अशी समजूत घालता येते. हाताची समजूत घालता येत नाही. त्या हाताने दिगू बायकोच्या लेखी खोटा ठरला. पिक्चर गेला हे माहीत असून तो पेढे वाटत आला, कंपनीच्या माणसाला परत पाठवला, हावेपायी घर घालवलं. वहिनींनी भांडण केलं नाही. त्या बोलायच्याच कमी झाल्या. जेवायला वाढलं आहे, दळण आणायचं आहे, एवढंच बोलायच्या. मी त्या घरात गेलो की हे मला भिंतीवरच्या ओलीसारखं दिसायचं. 

वहिनी मग घरालगतच्या बागेत, मोतीरामच्या शेडमध्ये घड साफ करायला जाऊ लागल्या. कात्रीने खराब मणी काढायचे, घड पेटीत निजवायचा. ज्या हंगामात नवऱ्याच्या पिक्चरचं गाणं झालं होतं तोच हंगाम त्यांना पोटापाण्याचा झाला. मोतीरामनेच एकदा विषय काढला, "काकू, त्या सीड्या पडून हायेत ना घरी? मला द्या. पाखरं लय माजलीत यंदा." वहिनींनी एक खोकं दिलं. पुढच्या वर्षी शेजारचा आला, मग त्याचा मेव्हणा दिंडोरीहून आला. बाहेरच्या खोलीत हळूहळू उजेड यायला लागला.

दिगूला हे कसं वाटलं असेल, असं तेव्हा माझ्या मनात यायचं. एका सकाळी त्याने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि बागेपाशी नेलं. पाच-पंचवीस ओळींवर त्याचा पिक्चर फिरत होता. नायकाचं तोंड, नायिकेचं तोंड, लाल अक्षरं, पुन्हा नायक. तो स्कूटरला टेकून उभा राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, "बघ वसंता. अजून लागलेला आहे. आणि हाऊसफुल्ल. पाखरालासुद्धा आत जागा नाही." मी हसलो. तो हसला की नाही ते आठवत नाही. दरवर्षी पाणी उतरलं की तो मला तिथे घेऊन जायचा. मला वाटायचं, त्याला सोबत लागते. तो गेला तेही याच दिवसांत, बागा भरलेल्या असताना. अंत्ययात्रा त्याच रस्त्याने गेली आणि उजेडाचे ठिपके सगळ्यांच्या अंगावरून पळत होते. खांदा द्यायला मी पुढे होतो.

त्यालाही बरीच वर्षं झाली. या वर्षी वहिनींनी घर विकलं. गुडघे चालत नाहीत, मुलगी पुण्याला बोलावते आहे, काढणी संपली की जायचं ठरलं, असं मोतीरामने मला रस्त्यात सांगितलं. त्या दिवसापासून मी घड बघत होतो. गोडी किती आली, व्यापारी कधी येऊन गेला, कुठली ओळ उतरली. लोकांना वाटत असेल म्हाताऱ्याला द्राक्षाची आवड. एकेक ओळ रिकामी होत होती आणि तिच्यावरच्या सीड्या सोडून मोतीरामची बायको त्या पिशवीत भरून ठेवत होती. मी वहिनींच्या फाटकापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. एकदा कडीला हात लावला तर आतून त्यांनी विचारलं, कोण आहे. मी उत्तर न देता पुढे गेलो. एकदा फोन केला आणि थंडीबद्दल बोललो. त्या पुण्याला गेल्या की कुणाला सांगणार होतो मी? भिंतीला? आणि मग ते मोबाइलवरचं वाचलं. निर्मात्याला हाव सुटली.

शेवटी परवा गेलो. बागेच्या दोनच ओळी राहिल्या होत्या.

घरात बांधाबांध चालू होती. बाहेरच्या खोलीत खुर्च्या एकावर एक चढवलेल्या, तरी वहिनींनी मला एक उतरवून दिली. त्या पलंगावर बसल्या. खिडकी बागेच्या बाजूला आहे. समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका येत होता, जात होता. मी बोललो. फोन, पेढा, पोस्टर, मालकांना सांगितलेलं 'काढा', सगळं. बोलताना मला दम लागत होता, पण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मग म्हणालो की वहिनी, दिगू खोटं बोलला नाही. मी त्याला चालला म्हणालो, आणि त्याने काय ऐकलं ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला दाखवलेला हात मी त्याला दाखवला नव्हता.

मी वाट बघत होतो की त्या ओरडतील, उठून जातील. त्यांनी फक्त विचारलं, "पिक्चर खरंच चालला नव्हता?"

"नाही वहिनी. पडला." हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. याचे दोन अर्थ होत नाहीत. "पण त्या रविवारी लोक हसले होते. ते मी ऐकलंय."

त्यांनी मान हलवली. मग खिडकीकडे बघत, मला सांगावं तसं नाही, जुनं काही सापडलं की माणूस पुटपुटतो तसं बोलल्या.

"तुम्ही हात करून दाखवलात त्या संध्याकाळी मी यांना धरून विचारलं. म्हटलं, भावजी कशाला खोटं बोलतील? त्यांनी तर असा हात करून सांगितलं, गेला म्हणून. तर हे जेवता जेवता थांबले. आणि हसले. म्हणाले, 'फोनवर हात दिसत नाही गं, शालू.' मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बोलतायत. पाठ फिरवली मी. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही."

ठिपका भिंतीवरून त्यांच्या मांडीवर आला आणि तिथेच थरथरत राहिला.

म्हणजे मी काय केलं ते दिगूला माहीत होतं. त्याच संध्याकाळपासून. लग्नातला दिवा माझ्या तोंडावर धरला तेव्हा माहीत होतं की नाही, हे आता मला जुळवता येत नाही, पण स्कूटरवर मागे बसवून बागेपाशी नेत होता तेव्हा माहीत होतं. दरवर्षी. तो तिथे स्कूटरला टेकून एवढा वेळ का उभा राहायचा ते मला आज कळतंय. तो मला वेळ देत होता. मी हसत होतो.

मी वहिनींना म्हणालो की मी हे लिहून काढतो, छापायला देतो, निदान लोकांना तरी कळेल. त्या म्हणाल्या, लोकांचं काय. एवढंच. मला पाणी हवं होतं पण मागितलं नाही. बाहेर मोतीरामची माणसं शेवटच्या ओळीतले घड उतरवत होती, कात्र्यांचा आवाज येत होता. मोतीराम फाटकातून ओरडून विचारत होता की काकू, द्राक्षं कुठं ठेवू, पुण्याला न्यायला पेटी बांधलीय तुमची. वहिनी उठल्या नाहीत. भिंतीवर आता ठिपका नव्हता.

मी काठी घेतली. दारापाशी वळलो आणि सवयीने म्हणालो, "येतो वहिनी."

आपल्याकडे यावर 'या' म्हणतात. दुश्मनालाही म्हणतात. इतक्या वर्षांत त्या घरातून 'या' ऐकल्याशिवाय मी उंबरा ओलांडला नव्हता. मी थांबलो. चप्पल घालायला जरा जास्तच वेळ घेतला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नव्हता की पडला नव्हता.

"चाललात," त्या म्हणाल्या.